मशीन कुणाच्या नावावर?

लाकूडतोडीच्या कामाला चेनसॉ कोणती घ्यावी, हे विचारणारा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. कुणी नवा ठेकेदार असतो, कुणी बांधावरची झाडं काढायला निघालेला शेतकरी. प्रत्येकाला कंपनीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. माझ्याकडे एक कागद आहे, त्याचा फोटो पाठवते. कागदावर अकरा प्रश्न आहेत. अक्षर माझं, प्रश्न बशीरचाचांचे. ‘कंपनी तुमची तुम्ही शोधा’ असं सगळ्यात खाली लिहिलं आहे. ते वाक्यही त्यांचंच, फक्त त्यातली शिवी मी काढली.

बशीरचाचा आमच्या यार्डाचे मुकादम होते. आमचं काम झाडं तोडण्याचं: विजेच्या तारांखालची, रस्त्याकडेची, शेतकऱ्यांनी परवानगी काढलेली. मालक भाऊसाहेब, खरेदी आणि स्टोअर माझ्याकडे, आणि झाडासमोर उभं राहिल्यावर सगळं चाचांकडे. ते हर्सूलला राहायचे आणि सकाळी सगळ्यांच्या आधी यार्डात हजर असायचे. कारकुनाच्या खिशाला पेन असतं तशी त्यांच्या खिशाला गोल कानस असायची. पेट्रोल भरायला मशीन बंद केली की ते मांडी घालून बसायचे आणि चेनचा एकेक दात घासायचे. घाई कुणालाही असो, दात पूर्ण झाल्याशिवाय उठायचे नाहीत. मे महिन्यातही पायात जाड बूट, कानात कापूस. पाहुण्यांची खुर्ची पुढे केली तर म्हणायचे, “खुर्चीवर बसनाऱ्यांनीच समदा घोळ केलाय. मी उभाच बरा.”

मी त्याआधी वाळूजच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. खरेदीआधी तुलनेचा तक्ता करायचा, ही माझी जुनी सवय. इथे आले त्या महिन्यातच नव्या चेनसॉ घ्यायच्या निघाल्या. मी पाच कंपन्यांची माहिती मागवली आणि नऊ रकान्यांचा तक्ता केला: इंजिन, चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीची लांबी, टाकी, हमी, असं सगळं. भाऊसाहेबांनी सर्वांत लांब पट्टीच्या मशीनवर बोट ठेवलं. मोठी पट्टी म्हणजे मोठी मशीन, असा त्यांचा सरळ हिशोब. तेवढ्यात चाचा आत आले. तक्ता उचलून त्यांनी लांब धरला, कारण चष्मा ते कधी लावत नसत.

“पट्टी येवढी लांब आन् इंजिन बारकं,” ते म्हणाले. “बकरी नांगराला जुंपल्यावानी झालं की हे.”

भाऊसाहेब हसले. मी हसले नाही, कारण तक्ता माझा होता.

“आन् ताई, हे वजन कुणी लिवलं?”

“कंपनीच्या पुस्तकातून घेतलंय.”

“हे रिकाम्या पोटाचं वजन हाय. पट्टी, चेन, पेट्रोल, तेल धरून किती?”

ते पुस्तकात नव्हतं. चाचांनी स्टोअरमधून एक जुनी मशीन आणून माझ्या हातात दिली. “हात सरळ करा. आता घरच्यांची नावं म्हणा, सावकाश.” सासूबाई, नवरा, थोरली मुलगी इथपर्यंत मी पोचले. धाकट्याच्या नावाला हात खाली आले. दारात उभी असलेली पोरं खदखदली.

“माणूस दिवसाला शंभरदा उचलतो हिला,” चाचा म्हणाले. “त्यो रकाना कुठंय?”

मला राग आला होता. दुपारी जेवणानंतर मी दहावा रकाना आखला.

चाचा मशीन बघायला दुकानात जात तेव्हा मी बरोबर जायची, कारण पावती माझ्या नावे व्हायची. जाताना टेंपोत एक वाळलेलं बाभळीचं खोड टाकलेलं असायचं. दुकानदार कापायला मऊ लाकूड देतात आणि त्यावर कुठलीही मशीन लोण्यात सुरी चालावी तशी चालते, म्हणून खोड आपलं. एकदा एका मोठ्या दुकानातला टाय लावलेला विक्रेता पुढे आला. मशीन पहिल्याच ओढीला सुरू झाली. त्याने आमच्याकडे अभिमानाने पाहिलं. चाचांनी मागच्या अंगणात खोड ठेवलं, दहा मिनिटं कापलं आणि मशीन बंद केली.

“भाई, अब चाय मंगाव.”

विक्रेत्याला वाटलं, सौदा झाला. चहा आला. चाचांनी तो अर्धा कप शांतपणे संपवला आणि म्हणाले, “अब चालू कर.”

विक्रेत्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. टाय खांद्यावर टाकून ओढली. मशीन खोकली आणि गप्प झाली. अकराव्या ओढीनंतर तो म्हणाला, “चाचा, गरम हो गई है, थोडा रुकना पडेगा.”

“थंडी मशीन तो मेरी नानी बी चालू करती थी,” चाचा म्हणाले. “जंगल में गरम मशीन चालू होना. झाड आधा कटा हुआ खडा है, उसकू क्या बोलूँ? थोडा रुक?”

दुसरी मशीन गरम असतानाही सुरू झाली. मग चाचांनी त्या दिवसाचं वर्तमानपत्र फरशीवर पसरून पट्टीचं टोक त्यावर धरलं. चेनला तेल पोचत असेल तर कागदावर तेलाची रेघ उमटते. ती उमटली. मग विक्रेत्याला म्हणाले, सुट्या भागांपैकी स्टार्टरची स्प्रिंग आणि हवेची जाळी आतून आणून दाखव. “पुण्याहून मागवतो, दोन दिवसात येईल” असं कुणी म्हणालं की आम्ही बाहेर. “दाखव, बोलू नको,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शेवटची परीक्षा मात्र मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. दहा मिनिटं मशीन चालवून झाली की चाचा शर्टाचं वरचं बटण काढायचे आणि पुन्हा लावायचे. काजात बटण सहज गेलं तर मशीन चांगली. बोटं चाचपडली तर नापास. तीसेक वर्षांच्या थरथरीने त्यांची बोटं खराब झाली होती. थंडीत ती खडूसारखी पांढरी पडत आणि चहाचा कप गरम आहे की नाही, हे त्यांना ओठाला लावल्यावरच कळे. सुरुवातीच्या मशिनींच्या मुठीखाली रबर नव्हतं, स्प्रिंग नव्हती. सगळी थरथर सरळ हाडात. मी एकदा म्हटलं, चाचा, डॉक्टरांना दाखवा. म्हणाले, “दाखवलं ना. डॉक्टर म्हनला काम सोडा. मी म्हनलं, तू सोड.”

अधिकाराच्या खुर्चीशी त्यांचं कधी जमलं नाही. पैठण रस्त्याला एक मोठी चिंच काढायची होती. झाड तारांकडे कललेलं. वीज बंद करण्याचं पत्र आम्ही दिलं होतं, पण वीज बंद झालेली नव्हती. रस्त्याच्या कामावरचे एक साहेब गाडीतून उतरले आणि ओरडले, “अजून उभंच आहे? बारा वाजता रस्ता मोकळा हवा. तिकडे पाडा, शेताच्या अंगाला.”

चाचांनी झाडाला नेहमीसारख्या तीन फेऱ्या मारल्या, खोडावर हात ठेवून वर बघितलं. मग म्हणाले, “साहेब, तुमी हुकूम द्या त्याला. मानलं तर माझी काय हरकत नाय.”

“उलट बोलतोस?”

“झाडाला सांगा म्हनलं. माझं त्ये ऐकत नाय. त्याचा कल तारंकडं हाय, त्ये तारंवरच जानार.”

साहेबांनी भाऊसाहेबांना फोन लावला. भाऊसाहेबांनी चाचांना लावला. चाचांनी फोन उचलला, “व्हय, व्हय” म्हणत सगळं ऐकून घेतलं आणि जाऊन समोरच्या लिंबाखाली डबा उघडून बसले. जेवतानाही तोंड झाडाकडे, पाठ कधीच नाही. वीज अडीचला बंद झाली. चिंच चारला पडली, चाचांनी सांगितलं होतं तिकडेच, बंद तारांवर. साहेब तोवर निघून गेले होते. त्या दिवशी भाऊसाहेब माझ्याजवळ म्हणाले, “कामाला वाघ आहे, पण मला नोकर पाहिजे होता.”

आता आमच्या यार्डातली एक रीत सांगायला हवी. ती चाचांनी घातली होती. प्रत्येक मशीनवर चालवणाऱ्याचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं असे. ज्याचं नाव, त्याच्याच हातात ती मशीन. तो सुट्टीवर असेल तर मशीनही सुट्टीवर. दुसऱ्याची मशीन उचलली म्हणून चाचांनी एकदा सख्ख्या पुतण्याला घरी पाठवलं होतं. मला सुरुवातीला हा निव्वळ अपव्यय वाटायचा. आठ माणसं, आठ मशिनी, आणि रोज एखाद-दुसरी पडून. चाचा म्हणायचे, “नाव असलं की माणूस कानस मारतो. बिननावाची मशीन म्हंजी धर्मशाळेची खाट.”

तारांखालची झाडं काढायचं मोठं काम मिळालं, त्या वर्षीची गोष्ट. जुन्या मशिनी थकल्या होत्या, आठ नव्या हव्या होत्या. काम सोमवारी सुरू करायचं होतं. चाचांनी निवडलेल्या मशिनी यायला तीन आठवडे लागणार होते. भाऊसाहेबांना एक विक्रेता भेटला, ज्याच्याकडे आठ मशिनी तयार होत्या. दिसायला थेट नामांकित मशीनसारख्या, तोच रंग, तोच आकार. शनिवारी सकाळी त्या यार्डात उतरल्या. विक्रेता, भाऊसाहेब, आठ जण आणि मी. माझ्या हातात पोच होती. तिच्या तळाशी छापलेलं होतं: ‘तपासून ताब्यात घेतले’. सही मी करायची होती.

चाचांनी त्या दिवशी मशीन सुरूच केली नाही. एक ओंडका उभा ठेवला. बंद मशीन मागच्या मुठीने धरून त्यांनी पट्टी ओंडक्याच्या वर गुडघाभर उंच नेली आणि पुढचा हात सोडला. पट्टीचं टोक ओंडक्यावर आपटलं. पुढच्या मुठीजवळ एक पंजा असतो, तो चेनचा ब्रेक. मशीन उसळून तोंडाकडे आली, तर तो आपोआप पडायला हवा. टोक आपटलं की ‘खट्’ असा आवाज यायला हवा. पहिल्या मशीनला आला. दुसरीला आला. तिसरीला नाही. चाचांनी तीनदा करून पाहिलं. पाचवी आणि आठवीही मुकीच निघाली.

“हाताने दाबा ना, लागतो ब्रेक,” विक्रेता म्हणाला. त्याने दाबून दाखवला. खरंच लागला.

“मशीन तोंडावर आल्यावर हात कुठं असंल दाबायला?” चाचांनी विचारलं.

“वापरात आल्या की मोकळ्या होतात.”

“कुनाच्या वापरात?”

विक्रेता भाऊसाहेबांकडे बघू लागला. भाऊसाहेब म्हणाले, “चाचा, सोमवारी काम सुरू झालं नाही तर काम जाईल. पाच तर चांगल्या आहेत ना? तीन नंतर बदलून घेऊ. मॅडम, सही करा.”

हे लिहायला मला आवडत नाही, पण मी पेनचं टोपण काढलं होतं.

दिगंबर म्हणाला, “चाचा, जुन्या मशिनीला कुठं व्हता ह्यो ब्रेक? मेलो का आपन?” दिगंबर देवगाव रंगारीचा, चाचांखालोखाल हात असलेला. त्यांच्या फेऱ्यांची आणि बटणाची नक्कल करून पोरांना हसवायचा. दोघं-तिघं त्याच्या बाजूने पुटपुटले. सोमवारपासून मजुरी सगळ्यांनाच हवी होती.

चाचा त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. माझ्याकडे वळले.

“ताई, सही करा तुमी. काय हरकत नाय. फकस्त त्याआधी नावं लिवून घ्या. कोनती मशीन कुनाच्या नावावर. रंग आनलाय मी.”

रीतच होती ती. मी पोच उलटी केली, मागे एक ते आठ आकडे घातले. एक आणि दोनला नावं पटकन मिळाली. मी मोठ्याने वाचलं, “मशीन क्रमांक तीन. कुणाच्या नावावर?”

मी पुन्हा विचारलं. स्टोअरमधे मी असंच विचारते. रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही मला.

“भाऊसाहेब, क्रमांक तीन?”

“दिगंबरचं लिहा,” भाऊसाहेब म्हणाले.

दिगंबर हसत पुढे आला. मशीन उचलली, नकलेच्याच थाटात गुडघाभर उंच धरली आणि हात सोडला. टोक आपटलं. आवाज नाही. पुन्हा सोडलं. पुन्हा नाही. त्याचं हसू तिथेच राहिलं. त्याने मशीन जपून खाली ठेवली, जणू तिला जाग येईल.

“भाऊसाहेब, माझं नाव नका लिवू.”

“मग दुसऱ्याचं लिहू.”

“कुनाचं?” दिगंबरने विचारलं आणि मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. एकाने मान हलवली. मग दुसऱ्याने, “नाय.” एक आणि दोनवर ज्यांची नावं लिहिली होती, तेही म्हणाले, खोडा मॅडम.

“ज्याला चालवायचं नाही त्याने घरी जावं!” भाऊसाहेब ओरडले.

“जातो की,” चाचा म्हणाले. “पर मग तुमीच चालवा. नाव काय लिवू, भाऊसाहेब का नुसतं मालक?” त्यांनी रंगाचा डबा उघडून कुंचला बुडवला आणि खरोखरच तीन नंबरच्या मशीनसमोर बसले.

कुणी हसलं नाही. भाऊसाहेबांनी त्या कुंचल्याकडे पाहिलं. मग विक्रेत्याला म्हणाले, “भरा गाडीत.” मी पेनचं टोपण लावलं.

काम गेलं नाही, पण तीन आठवडे उशिरा सुरू झालं आणि भाऊसाहेबांना वरच्यांचं बरंच ऐकून घ्यावं लागलं. ते तीन आठवडे यार्डात काही काम नव्हतं. चाचा रोज यायचे, माझ्या टेबलाशेजारी उभे राहायचे आणि सांगायचे, मी लिहायची. अकरा प्रश्न तेव्हाचे. एकदा मी म्हटलं, बारा करू या, आकडा बरा वाटतो. म्हणाले, “बारावा सुचला तर करा. आकड्यासाठी नका करू.”

नव्या मशिनी आल्या. चाचांनी आठही दोन दिवस घासून, आपटून, गरम करून तपासल्या. आठही पास झाल्या. काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी मला केबिनमधे बोलावून मशिनींवर लिहायची नावं सांगितली. आठ नावं. त्यात एक नवा माणूस होता आणि चाचांचं नाव नव्हतं. मी म्हटलं, “भाऊसाहेब, मुकादमाचं राहिलं.” ते म्हणाले, “राहिलं नाही. हट्टी माणूस मला परवडत नाही.” मी तेव्हा भांडायला हवं होतं. मी फक्त इतकंच म्हणाले, की हे मी त्यांना सांगणार नाही. यादी मात्र माझ्याच अक्षरात गेली.

सकाळी चाचांनी कागद लांब धरून वाचला. दोनदा वाचला. मग माझ्याकडे परत दिला.

“एक नंबरला दिगंबरला घ्या,” ते म्हणाले. “मुकादम त्योच व्हईल आता. खाली कुठं घातलाय त्याला?”

दिगंबरने कागद हिसकावून घेतला, वाचला आणि हातातली मशीन जमिनीवर ठेवली. “चाचा न्हाईत तर मी पन न्हाई.” त्याच्यामागे अजून दोन मशिनी जमिनीवर आल्या. भाऊसाहेब केबिनच्या दारात उभे होते. त्या क्षणी चाचा काही बोलले नसते, तरी यार्ड बंद पडलं असतं.

“उचल,” चाचा म्हणाले.

“चाचा...”

“उचल म्हनलं. त्या दिवशीची मशीन खोटी व्हती, म्हनून खाली ठिवायची व्हती. ही चांगली हाय. मी बघितलीय. चांगल्या मशिनीवर रुसत्यात व्हय रे, गाढवा?”

दिगंबरने मशीन उचलली. त्याचे डोळे भरले होते. चाचांनी त्याच्या खांद्यावर एक जोराची चापट मारली, डब्याची पिशवी घेतली आणि निघाले. भाऊसाहेबांकडे त्यांनी पाहिलं नाही. मला म्हणाले, “येतो ताई,” आणि मी काही म्हणायच्या आत फाटकाकडे वळले.

त्यानंतर ते मुलीकडे पैठणला राहायला गेले, आणि माझी त्यांची पुन्हा भेट झाली नाही. ईदला फोन होतो. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते एकटेच बोलतात. पण मला ते दिसतात ते त्या सकाळी फाटकात.

ओंडक्यांनी भरलेला एक ट्रक बाहेर पडत होता. चाचा त्याच्या बाजूने पुढे गेले, आणि थांबले. मागे येऊन त्यांनी ओंडक्यांवरचा दोर दोन बोटांनी ओढून पाहिला. तो सैल होता. ते ट्रकच्या पुढे आले आणि फाटकाच्या बरोबर मधे उभे राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग खिडकीतून डोकं काढलं. चाचांना काढल्याची बातमी यार्डभर झाली होती.

“ओ चाचा, बाजूला व्हा! आता तुमी कोन?”

“रस्त्यानं चालनारा,” चाचा म्हणाले. “तुझ्या पुढंच चाललोय. उतर आन् बांध.”

ड्रायव्हरने आणखी दोनदा हॉर्न वाजवला. चाचांनी पिशवी खाली ठेवली आणि पाय फाकवून उभे राहिले. शेवटी ड्रायव्हर दार आपटून उतरला, शिव्या देत वर चढला आणि दोर आवळू लागला. चाचा खालून बोटाने दाखवत होते: तो नाही, पलीकडचा. अजून. अजून एक पीळ.